झडतीत पास, हिरडीवर नापास: कारागृहात द्यायच्या ब्रश-पेस्टचा आढावा

कारागृहात वाटायला ब्रश घ्यायचे आहेत, कोणते घेऊ? सेवाभावी संस्था विचारतात, दंतमहाविद्यालयांचे विभाग विचारतात, कधी अधीक्षकही विचारतात. उत्तर मात्र बहुतेक वेळा दरपत्रकाच्या शेवटच्या रकान्यात शोधलं जातं आणि तिथेच गाडं अडतं. आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला दोन परीक्षा द्याव्या लागतात: एक गेटवरच्या झडतीची, दुसरी हिरडीच्या कडेची. 'जेल ब्रश' म्हणून जे विकलं जातं ते पहिल्या परीक्षेचा अभ्यास करून आलेलं असतं, दुसरीचं पुस्तक त्याने उघडलेलंही नसतं. उलट दंतवैद्याच्या आवडीचा ब्रश गेटवरच अडतो.

हे शेरे महाराष्ट्रातली कारागृहं डोळ्यांपुढे ठेवून दिले आहेत. म्हणजे माणसं जागेपेक्षा जास्त, हौदावर रांग, संध्याकाळी बॅरेकला कुलूप. आर्थर रोडमध्ये तर मंजूर क्षमतेच्या कितीतरी पट माणसं. देशाचा आकडा घेतला तर २०२२ अखेरीस ४,३६,२६६ जणांच्या जागेत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी. आज आहेत, उद्या जामिनावर बाहेर. ही गोष्ट ब्रशपेक्षा शिबिराच्या बाबतीत जास्त नडते, त्याकडे शेवटी येऊ.

ब्रश

मोठ्यांचा नेहमीचा ब्रश १७ ते १९ सेंटिमीटर लांब आणि कडक प्लास्टिकचा असतो. घासायला त्याच्याइतका सोयीचा दुसरा नाही आणि झडतीत आधी तोच बाजूला निघतो. कडक दांडीला टोक काढता येतं, ही भीती खोटी नाही. मग भांडारात एक घरगुती तोड निघते: दांडी अर्ध्यात कापायची. ही तोड नकोच. कापलेल्या कडेला धार राहते, बंद्याला तीच कड तळहातात धरून घासायचं असतं, आणि टोकदार वस्तू आत जाऊ नये म्हणून आपणच एक टोकदार वस्तू करून आत पाठवलेली असते. कड पॉलिश पेपरने गोल केली तर चालेल, पण हजार ब्रशांच्या कडा कोण घासत बसणार?

दुसरा प्रकार बोटात घालायच्या सिलिकॉन ब्रशचा. तान्ह्या बाळांच्या सामानात मिळतो तोच, जरा मोठ्या मापात. दांडी नाही, धार नाही, चुरगाळून मुठीत मावतो. गेटवर त्याला पूर्ण गुण. तोंडात गेल्यावर मात्र कळतं की त्याचे काटे जाड आणि बुटके आहेत. दाताच्या सपाट भागावरून ते फिरतात, पण कीटण साठतं ते दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत आणि दोन दातांच्या फटीत. तिथे हे काटे शिरतच नाहीत. माप बहुधा एकच असतं, त्यामुळे जाड बोटाच्या माणसाला तो अर्धाच चढतो आणि दाढेपर्यंत पोचण्याआधी सुटतो. टोपीच्या आत ओल राहते, आठवड्याभरात वास येतो, पुढे काळे ठिपके दिसतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी परदेशी जाहिरातीत सापडणार नाही. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा-गुटखा, आणि सगळीकडे सुपारी. वर्षानुवर्षं खाणाऱ्याच्या गालाची आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडणं कमी होतं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. ज्याची दोनच मावतात त्याने बोट आणि बोटावरचं रबर दोन्ही दाढेपर्यंत न्यायचं कसं? ज्याला ब्रशची गरज जास्त, त्याच्याच तोंडात हा ब्रश जात नाही. शिबिरात बोटं मोजण्याची ही साधी तपासणी कंपाउंडरलाही शिकवता येते. दोन किंवा त्याहून कमी बोटं मावली तर नाव वेगळ्या यादीत घ्यायचं, कारण अशा तोंडात पुढे कर्करोगाचा धोका असतो.

सगळ्यात बरा पर्याय म्हणजे आखूड, वाकणाऱ्या दांडीचा आणि नायलॉनच्या केसांचा ब्रश. लांबी ८ ते १० सेंटिमीटर, दांडी रबरासारखी. ती वाकवून दोन्ही टोकं जवळ आणता येतात आणि सोडली की पूर्ववत होते. घासून टोक काढायला गेलं तर ती नुसती लवते. पण नमुना हातात घेतल्याशिवाय मागणी नोंदवू नका, कारण या प्रकारात एक खोट नेहमी दिसते. दांडीबरोबर मानही इतकी मऊ करतात की दाढेवर दाब दिला की डोकंच मागे दुमडतं. तपासायचं कसं? ब्रश अंगठ्याच्या नखावर दाबा. आधी केस वाकले पाहिजेत, मान नंतर. मान आधी वाकली तर तो ब्रश परत. केस मऊ हवेत, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचे आणि टोकं गोल केलेले. डोकं अडीच सेंटिमीटरपेक्षा लांब नको. एखादा झुपका चिमट्यात धरून ओढून बघा. हलक्या मालात तो हातात येतो, आणि असा झुपका उद्या कुणाच्या हिरडीत रुतून बसतो.

आखूड ब्रश वापरायची पद्धत वेगळी आहे आणि ती दाखवावी लागते, नुसतं वाटून भागत नाही. दांडी मुठीत न धरता पेनासारखी धरायची. बोटं तोंडात जाणार, म्हणून आधी हात धुवायचे. मागच्या दाढा बाहेरून घासताना तोंड मोठं उघडलं की गाल ताणला जातो आणि ब्रशला जागाच उरत नाही. जबडा अर्धा मिटला की गाल सैल पडतो. केस हिरडीच्या कडेला तिरपे, पंचेचाळीस अंशांत टेकवायचे, दोन-तीन दात एका वेळी धरून जागच्या जागी हलकेच हलवायचे आणि मग चावण्याच्या कडेकडे झटकायचे. सगळं तोंड दोन मिनिटं. पहिल्या आठवड्यात हिरडीतून रक्त येतं आणि बरेच जण घाबरून ब्रश सोडतात. रक्त येतं म्हणूनच घासायचं असतं, हे वाटपाच्या वेळीच सांगून ठेवा.

हा ब्रश मिळाला नाही, तर गावातल्या कुठल्याही दुकानातला लहान मुलांचा ब्रश घ्या. डोकं लहान, केस मऊ, दांडी आखूड आणि जाड. तोंड कमी उघडणाऱ्यांसाठी तर तो मोठ्यांच्या ब्रशपेक्षा सरस. दांडी आतून कडक असते, त्यामुळे परवानगी लागेल. नमुना आधी दाखवून लेखी मंजुरी घ्या, नाहीतर सगळा माल भांडारात पडून राहतो.

रंगाचंही बघा. एकरंगी खोका स्वस्त पडतो आणि तीच त्याची खोड. चाळीस माणसांच्या बॅरेकमध्ये चाळीस निळे ब्रश म्हणजे तिसऱ्या दिवसापासून अदलाबदल. रक्त येणाऱ्या हिरड्या आणि सामाईक ब्रश ही जोडी हिपॅटायटिस बी आणि सीच्या दृष्टीने धोक्याची आहे. निदान सहा रंग मागा आणि शेजारी झोपणाऱ्यांना वेगवेगळे रंग द्या. मार्करने लिहिलेलं नाव ओल्या हातांत टिकत नाही, दांडीवर कोरलेला क्रमांक टिकतो. तीन महिन्यांनी जुना द्या, नवा घ्या. मोजदाद होते म्हणून हा नियम सुरक्षेलाही आवडतो. सहा आठवड्यांतच केस फिसकटले असतील तर ब्रशला दोष देऊ नका, माणूस फरशी घासल्यासारखा घासतोय.

पेस्ट आणि पावडर

इथे निवड सोपी आहे, पण नेमकी चुकीची केली जाते. दात किडण्यापासून वाचवणारा घटक फ्लोराइड, बाकी फेस आणि वास. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा) जास्त चालत नाही, आणि असेल तर प्रमाण आणि मुदत दोन्ही ट्यूबवर छापावी लागतात. म्हणून ट्यूब उलटी करून तो आकडा शोधा. आकडाच नसेल तर पुढची पानंफुलं कितीही हिरवी असोत, ती पेस्ट या कामाची नाही. घटकांत सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७६ टक्के किंवा सोडियम फ्लोराइड ०.२२ टक्के दिसलं की ते साधारण हजार पीपीएम समजायचं. मुदत संपत आलेला माल कुणी देणगी म्हणून देऊ केला तर नम्रपणे नाही म्हणा. खडूच्या पायावरच्या पांढऱ्या पेस्टमधलं उपयोगी फ्लोराइड काळाबरोबर कमी होतं, आणि पत्र्याच्या छताखालच्या भांडारात आणखी लवकर.

पांढरी पेस्ट की पारदर्शक जेल? तोंडाच्या दृष्टीने आकडा सारखा असला तर फारसा फरक नाही. झडतीच्या दृष्टीने मोठा आहे. अपारदर्शक ट्यूबमध्ये काय दडवलंय हे दिसत नाही, म्हणून ती पिळून किंवा कापून पेस्ट डब्यात काढायला लावतात. मग त्या डब्यात आठ जणांचे ब्रश बुडतात आणि इतका वेळ रंगांची काळजी घेतलेली वाया जाते. पारदर्शक ट्यूबमधलं जेल मिळालं तर उत्तम. नाहीतर कारागृहाच्या कॅन्टीनमधून सीलबंद ट्यूब विकायची सोय करा. बंदी आपल्या खात्यातल्या पैशांतून घेतो आणि झडतीचा प्रश्नच येत नाही. ज्याच्या खात्यावर मनीऑर्डर येत नाही अशांची यादी मात्र वेगळी लागते. वाटप खरं तर त्यांच्यासाठी हवं.

जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर लाट काढली तर एका वेळी सुमारे एक ग्रॅम जाते. अर्धा ग्रॅम पुरतो. दिवसातून दोनदा, म्हणजे १०० ग्रॅमची ट्यूब शंभर दिवस. ब्रश आणि ट्यूब एकदमच संपतात, हिशेब ठेवणाऱ्याला सोपं. घासून झाल्यावर थुंकायचं आणि चूळ भरायची नाही, कारण राहिलेलं फ्लोराइडच रात्रभर काम करतं. पाण्याची मारामार असलेल्या बॅरेकला हा नियम आयताच सोयीचा. आणि दोन वेळांतली रात्रीची सोडायची नाही. सकाळी हौदावर सगळेच घासतात. रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकतं, दारं बंद होतात, आणि मग चहा-बिस्किटं बारापर्यंत चालू. कुलूप पडल्यावर, आडवं होण्यापूर्वी, बॅरेकमध्येच घासायला हवं, आणि त्यासाठी ब्रश रात्री जवळ ठेवायची परवानगी हवी. ब्रश सकाळी वाटून परत गोळा करायचा नियम असेल तिथे महागातला ब्रशही अर्ध्यावर काम करतो.

लाल दंतमंजन स्वस्त आहे, सवयीचं आहे, आणि तरी नको. बहुतेकांत फ्लोराइड नसतं, गेरूसारखी भरड माती दातावरचं कवच झिजवते, आणि बोटाने चोळायची सवय सुटत नाही. शिवाय मशेरी. तंबाखू घातलेल्या मंजन-पेस्टवर देशात १९९२ पासून बंदी आहे, पण भाजून कुटलेली मशेरी आणि तपकिरी मंजन एकाच डबीत ठेवलं तर ओळखणार कोण? म्हणून झडतीत खरं मंजनही जप्त होतं. कडुनिंबाची काडी? आवारात झाड असेल आणि माणसाला नीट चावून कुंचला करता येत असेल तर मंजनापेक्षा बरी. फ्लोराइड तिच्यातही नाही.

बाकीचं सामान

क्लोरहेक्सिडिनचं ०.२ टक्के माउथवॉश औषध आहे, रोजची चूळ नव्हे. दाढ काढलेला, हिरड्या सुजलेला, जबड्याला तार बांधलेला बंदी, यांना दहा मिलिलिटर, मिनिटभर, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. त्यापुढे दात तपकिरी होतात. पेस्टनंतर लगेच घेतलं तर फुकट जातं, अर्धा तास जाऊ द्यावा. बाटलीवर अल्कोहोल नाही असं लिहिलेलंच घ्या, कारण सांगायला नको. मिठाच्या कोमट पाण्याची गुळणी तात्पुरती बरी, पण आत कोमट पाणी कुठून आणायचं हा प्रश्न सल्ला देणाऱ्याला पडत नाही. फ्लॉसचा धागा आणि फटीत घालायचे तारेचे ब्रश गेटवरच संपतात, त्यांवर पैसे घालवू नका.

कवळीबद्दल एकच. दाखल होताना ती जमा मालमत्तेत न टाकता वैद्यकीय नोंदीत लिहून परत द्यायला हवी. तारेच्या पकडीची अर्धी कवळी बघून शिपाई बिचकतो, पण ती काढून घेतली की त्या माणसाला जाड भाकरी चावता येत नाही. कवळीवर आतून क्रमांक कोरून घ्यावा.

शिबिर नावाची सेवा

फलक, टेबल, फोटो, 'एका दिवसात चारशे बंद्यांची तपासणी'. हिशेब करू. चार दंतवैद्य, सहा तास, चारशे माणसं: माणशी साडेतीन मिनिटांच्या आसपास. तेवढ्यात दात बघून होतात, करून काहीच होत नाही. कागदावर 'सिव्हिलला पाठवा' असा शेरा पडतो. सिव्हिलला न्यायचं तर पोलीस गार्ड लागतो, आणि गणपतीत किंवा निवडणुकीत गार्ड बंदोबस्तावर असतो. तोवर गोळी. तपासलेल्यांची संख्या सांगणाऱ्या शिबिराला आम्ही पाचपैकी एक गुण देतो, तोही आत येण्याची तसदी घेतल्याबद्दल. बंद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतला पंचविसावा नियम प्रत्येक बंद्याला पात्र दंतवैद्य मिळावा म्हणतो. तपासणी मिळावी एवढंच तो म्हणत नाही.

चांगली सेवा एका मोठ्या दिवसाऐवजी दोन-दोन आठवड्यांनी एकेका सकाळी येते. पहिल्या सकाळी फक्त दुखणारे आणि सुजलेले. दात काढायचे ते अकराच्या आत, आणि यावर घासाघीस नको. दुपारी तीनला काढलेल्या दाढेचं रक्त संध्याकाळी सहाला, म्हणजे कुलूप पडल्यावर वाहायला लागतं. दात काढण्याआधी रक्तदाब, साखर आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या विचारायच्या. बोळा तीस ते पंचेचाळीस मिनिटं दाबून, चोवीस तास खळखळून चूळ नाही, बिडी-तंबाखू नाही. रात्रीसाठी जास्तीचा बोळा सोबत द्यायचा आणि त्या बॅरेकच्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला नावं सांगून ठेवायची. त्याला एवढंच माहीत हवं: जबड्याखाली सूज, गिळता न येणं, तोंड न उघडणं यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, माणूस थेट रुग्णालयात.

दुसऱ्या सकाळी किडलेले पण न दुखणारे दात. इथे वीज आणि ड्रिल न लागणारी पद्धत कामाची आहे, जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये जिचा पुरस्कार केला ती. हाताच्या अवजाराने मऊ कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. एकाच बाजूची कीड असेल तर भरलेलं चांगलं टिकतं, दोन-तीन बाजूंची असेल तर निघण्याची शक्यता बरीच. निघतं ते बहुधा लाळेमुळे किंवा मिश्रण पातळ झाल्यामुळे. पावसाळ्यात पावडरची बाटली उघडी राहिली की ती ओल धरते. मापाचा चमचा सपाट भरायचा, अंदाजाने नाही. भरल्यावर व्हॅसलिन लावलेल्या बोटाने दाबायचं आणि तासभर खायचं नाही, म्हणजे जेवणाच्या वाटपाच्या वेळेशी ताळमेळ बघायचा.

भरायला वेळ नसेल तर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. दात कोरडा करून मिनिटभर लावायचं, एका थेंबात चार-पाच दात. कीड थांबते, पण ती जागा कायमची काळी होते. हे आधी, बंद्याला त्याच्या भाषेत सांगून संमती घ्यायची. पुढच्या दाताला लावून नंतर सांगणं ही फसवणूक आहे. रात्री ठणकणाऱ्या दाताला हे औषध नव्हे. ओठाला व्हॅसलिन लावा आणि कपडे सांभाळा. शिक्षाबंदींच्या पांढऱ्या सदऱ्यावरचा डाग धुऊन निघत नाही.

रूट कॅनालच्या बाबतीत आमचं मत कडक आहे: एका बैठकीत पुरा होत असेल तरच सुरू करा. दात उघडून तात्पुरतं भरून पुढची तारीख दिली, आणि त्या दिवशी त्याची कोर्टाची तारीख निघाली, किंवा बदली दुसऱ्या कारागृहात झाली, की तो दात आधीपेक्षा वाईट अवस्थेत राहतो. प्रत्येकाला एक कार्ड द्या: कुठला दात, काय केलं, काय उरलं. एक प्रत दवाखान्याच्या फाइलला, एक त्याच्यापाशी. जामीन झाला तर बाहेरच्या दंतवैद्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

शिबिर निवडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. अवजारांचे संच किती? सकाळी तीस माणसं तर तीस संच, ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून आलेले, १२१ अंशांवर १५ पौंड दाबाखाली किमान १५ मिनिटं, गुंडाळलेल्या पाकिटांना त्याहून जास्त. 'पाणी उकळून घेतो' म्हणणाऱ्याला गेटवरूनच चहा पाजून निरोप द्या. दुसरा प्रश्न मोजणीचा. आरसा, प्रोब, चिमटा, प्रत्येक सुई आणि ड्रिलचं दोन सेंटिमीटरचं टोकसुद्धा आत जाताना आणि बाहेर येताना एकाच कागदावर उतरलं पाहिजे. एक टोक कमी भरलं तर सगळ्या बॅरेकची झडती होते, आणि पुढच्या शिबिराला परवानगी मागायला कुणी धजत नाही. खाचा पाडलेला ट्रे असेल तर मोजणी नजरेत होते.

शंभर बंद्यांच्या बॅरेकसाठी तीन महिन्यांची मागणी: वाकणारे ब्रश १०० आणि नव्याने येणाऱ्यांसाठी १५ ते २० जास्त, १०० ग्रॅमच्या फ्लोराइड ट्यूब तितक्याच, तोंड कमी उघडणाऱ्यांसाठी लहान मुलांचे ब्रश डझनभर. महिला विभागात आईसोबत सहा वर्षांपर्यंतची मुलं असतात. त्यांच्यासाठी मुलांचे ब्रश मोजून वाढवा. तीन वर्षांखालच्याला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे वाटाण्याएवढी, आणि ट्यूब आईच्या हातात.